घरच्यांची फँटसी फुटबॉल लीग: सुरू करणं सोपं, मे महिन्यापर्यंत टिकवायची कशी?

ऑगस्ट आला की घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक लिंक पडते. "चला, यंदा आपली फँटसी लीग!" दोन दिवसांत बारा-चौदा जण जॉइन होतात. टीमची नावं ठेवण्यात एक अख्खी संध्याकाळ जाते. कुणी 'तर्रीबाज एफसी', कुणी 'पंचवटी युनायटेड', कुणी 'गोदाकाठ रोव्हर्स'. पहिले तीन आठवडे ग्रुप नुसता पेटलेला असतो. मग गणपती येतात, नवरात्र होतं, दिवाळीचा फराळ संपतो. नोव्हेंबरमध्ये टेबल उघडून बघावं, तर निम्म्या टीममध्ये महिनाभर जखमी असलेला खेळाडू अजून कॅप्टन म्हणून उभा असतो.

अशा टीमला आम्ही 'कुलूपबंद' म्हणतो. घर आहे, पाटी आहे, आत कुणी नाही. लीगमध्ये अशी चार-पाच कुलपं दिसायला लागली की उरलेल्यांचाही रस जातो, कारण ज्याला हरवायचं तोच खेळत नसेल तर जिंकून काय करायचं? फुटबॉल किती कळतं यापेक्षा घरगुती लीगचं खरं दुखणं हेच आहे. त्यावर उपाय आहेत, आणि त्यातले बरेच गेममध्येच दिलेले आहेत. फक्त कुणी वापरत नाही.

हा लेख इंग्लंडच्या प्रीमियर लीगच्या अधिकृत फँटसी गेमबद्दल आहे. त्याला सगळे एफपीएल म्हणतात. २००२-०३ च्या हंगामापासून तो सुरू आहे, जगभरात १ कोटीहून जास्त लोक खेळतात आणि खेळायला एक रुपयाही लागत नाही. नाशिक काही कोल्हापूर नाही. तिकडे पाटाकडील, दिलबहार अशा तालमींची फुटबॉल टीम असते आणि शाहू स्टेडियम भरतं. आपल्याकडे मैदान म्हटलं की गोल्फ क्लब आणि क्रिकेट. पण शनिवारी रात्री मोबाईलवर आर्सेनल-लिव्हरपूल बघणारी पोरं कॉलेज रोडपासून सिडकोपर्यंत सगळीकडे आहेत, आणि त्यांच्या घरात ऑफसाइड म्हणजे काय हे माहीत नसलेली माणसंही आहेत. लीग मजेदार होते ती दोघं एकत्र आली तरच.

आधी खेळ समजून घेऊ

तुम्हाला १०० दशलक्ष पाउंडांचं काल्पनिक बजेट मिळतं. त्यात १५ खेळाडू घ्यायचे: २ गोलकीपर, ५ डिफेंडर, ५ मिडफिल्डर, ३ फॉरवर्ड. एका क्लबचे जास्तीत जास्त ३. प्रत्येक खेळाडूला किंमत असते आणि खरी गंमत तिथेच आहे. २०२५-२६ च्या सुरुवातीला मोहम्मद सलाह १४.५ ला होता आणि एर्लिंग हालांड १४ ला. दोघं घेतले की शंभरपैकी साडेअठ्ठावीस संपले, उरलेल्या साडेएकाहत्तरमध्ये १३ जण बसवा. लग्नाच्या बजेटसारखंच, हॉल भारी घेतला की जेवणात काटकसर.

दर गेमवीकला पंधरातले ११ खेळतात, ४ बेंचवर. एक कॅप्टन, त्याचे गुण दुप्पट. तो मैदानात उतरलाच नाही तर व्हाइस कॅप्टनचे दुप्पट. असे ३८ गेमवीक, ऑगस्ट ते मे.

गुण खऱ्या सामन्यात खेळाडू काय करतो त्यावर. ६० मिनिटं किंवा जास्त खेळला तर २, त्यापेक्षा कमी तर १. गोलला फॉरवर्डला ४, मिडफिल्डरला ५, डिफेंडरला ६. गोलचा पास दिला तर ३. टीमने एकही गोल खाल्ला नाही तर डिफेंडर आणि गोलकीपरला ४. पिवळं कार्ड उणे १, लाल उणे ३. २०२५-२६ पासून एक नवीन नियम आला: डिफेंडरने सामन्यात टॅकल, ब्लॉक, इंटरसेप्शन, क्लिअरन्स मिळून १० कामं केली तर २ गुण जास्त. म्हणजे ज्याचं नाव कधी बातमीत येत नाही अशा राबणाऱ्या डिफेंडरलाही आता भाव आहे.

एक हिशोब करून बघा. तुमचा डिफेंडर पूर्ण सामना खेळला (२), टीमने गोल खाल्ला नाही (४), त्याने हेडरने गोल मारला (६), मेहनतीचे २. झाले १४. सामन्यातल्या सर्वोत्तम खेळाडूला वर ३ बोनस मिळतात, ते धरून १७. तोच तुमचा कॅप्टन असेल तर ३४. अख्ख्या आठवड्यात काही टीमचे एकूण ४० होतात! एका माणसामुळे बाजी अशी उलटते, म्हणून नवख्या माणसालाही या खेळात खरीखुरी संधी असते.

दर आठवड्याला एक खेळाडू फुकट बदलता येतो. बदलला नाही तर तो बदल शिल्लक राहतो, असे ५ पर्यंत साठतात. फुकटचे संपल्यावर बदल केला तर प्रत्येकी ४ गुण कापले जातात. याशिवाय चार प्रकारच्या 'चिप' असतात. वाइल्डकार्डने अख्खी टीम फुकटात बदलता येते, फ्री हिटने फक्त एका आठवड्यापुरती. बेंच बूस्टमध्ये बेंचवरच्यांचेही गुण धरतात, ट्रिपल कॅप्टनमध्ये कॅप्टनचे तिप्पट. २०२५-२६ मध्ये या चारही चिप दोनदा मिळाल्या: एक संच १९ व्या गेमवीकपर्यंत वापरायचा, दुसरा त्यानंतर. हे लक्षात ठेवा, पुढे याचा मोठा उपयोग आहे. नियम दर हंगामात थोडे बदलतात, म्हणून ऑगस्टमध्ये गेममधलं नियमांचं पान एकदा उघडून बघाच.

लीग बनवणं हे पाच मिनिटांचं काम

प्रीमियर लीगचं अधिकृत ॲप घ्या किंवा ब्राउझरमध्ये फँटसी डॉट प्रीमियरलीग डॉट कॉम उघडा. ईमेलने खातं बनवा, टीम निवडा. मग 'लीग्ज' भागात जाऊन नवीन लीग बनवायचा पर्याय घ्या, प्रायव्हेट लीग निवडा. एक कोड आणि लिंक मिळेल, ती ग्रुपवर टाका. झालं.

आता प्रश्न येतो आत्याचा. तिला खातं बनवून द्या, आणि टीम निवडताना 'ऑटो पिक' दाबा. पंधराच्या पंधरा आपोआप भरतात. मग तिला सांगा, यातले दोन-तीन तुझ्या मनाने बदल. लोक हे उलटं करतात: आधी तासभर नियम समजावतात, मग समोरचा कंटाळतो. आमच्या लीगमध्ये घरचे आणि मित्र मिळून १४ जण आहेत. त्यातल्या पाच जणांनी आयुष्यात एकही सामना पूर्ण बघितलेला नाही. त्यांना मी आठवड्याला फक्त तीन गोष्टी बघायला सांगतो. खेळाडूच्या नावावर लाल किंवा पिवळी खूण आहे का, म्हणजे तो जखमी, निलंबित किंवा शंकास्पद आहे का. असेल तर तो बेंचवर टाक. आणि कॅप्टन कोण? दोन मिनिटांचं काम. एवढं केलं तरी टीमला कुलूप लागत नाही.

टीमच्या नावात मोबाईल नंबर, लहान मुलांचं पूर्ण नाव किंवा शाळा घालू नका. लीग प्रायव्हेट असली तरी टीमचं आणि मॅनेजरचं नाव बाहेरच्यांनाही दिसू शकतं. कोडही स्टेटसवर ठेवू नका. ज्याच्याकडे कोड तो आत येतो, मग सगळे विचारत बसतात की हा सातव्या नंबरवरचा 'किंगमेकर ९९' नक्की कुणाकडचा.

डेडलाइन, आणि रात्रीच्या बाराचा घोळ

गेमवीकच्या पहिल्या सामन्याच्या ९० मिनिटं आधी टीम बंद होते. हा सामना कधी शुक्रवारी असतो, कधी शनिवारी, मधल्या आठवड्यात मंगळवारीही. त्यात भर म्हणजे इंग्लंडमधलं घड्याळ वर्षातून दोनदा सरकतं. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत आपण त्यांच्या साडेचार तास पुढे असतो, तिथून मार्चच्या शेवटच्या रविवारपर्यंत साडेपाच तास पुढे.

याचा अर्थ असा की शनिवारी त्यांच्या दुपारी साडेबाराला पहिला सामना असेल, तर सप्टेंबरमध्ये आपली डेडलाइन दुपारी साडेतीन, आणि डिसेंबरमध्ये साडेचार. इथवर ठीक. पण शुक्रवारी रात्री त्यांच्या आठला सामना असेल, तर सप्टेंबरमध्ये डेडलाइन आपल्या रात्री ११ ला येते आणि डिसेंबरमध्ये बरोबर १२ ला. ॲप ती वेळ 'शनिवार ००:००' अशी दाखवतं. आणि घरातला कुणीतरी हमखास समजतो की शनिवारी दुपारी बारापर्यंत वेळ आहे. एका चुलत भावाने असा सलग दोनदा मार खाल्लाय. म्हणून ग्रुपवर आठवण करून देताना तारीख आणि वेळ नुसती लिहू नका. "आज शुक्रवार, झोपायच्या आधी टीम लावा" असं लिहा. आठवण एकदा आदल्या संध्याकाळी आणि एकदा तासभर आधी. दिवसभर पिंगपिंग केलं तर लोक ग्रुपच म्यूट करतात.

ही जबाबदारी एकाची असावी. मंडळाचा जसा सेक्रेटरी, तसा लीगचा सेक्रेटरी. टेबलमध्ये पहिल्या नंबरवर असलेल्या माणसाला हे काम देऊ नका, त्याच्या आठवणीत टोमणा ऐकू येतो. मधल्या नंबरवरचा कुणीतरी बरा.

कुलूप का लागतं?

आळसामुळे लागतं असं सगळे म्हणतात. मला ते पटत नाही. हिशोब बघा. एफपीएलमध्ये दोन प्रकारच्या लीग असतात. 'क्लासिक' मध्ये हंगामभराचे गुण बेरीज होत जातात. समजा तुमचा मित्र दर आठवड्याला तुमच्यापेक्षा सरासरी ८ गुण जास्त मिळवतो. १५ आठवड्यांत तो १२० ने पुढे. उरलेल्या २३ आठवड्यांत ही दरी भरायची, तर तुम्हाला दर आठवड्याला त्याच्यापेक्षा पाचाहून जास्त गुण मिळवावे लागतील. जो आत्तापर्यंत ८ ने हरवत होता त्याच्यापेक्षा. मावशीने हे गणित मांडलेलं नसतं, पण तिला ते कळलेलं असतं. म्हणून ती उघडत नाही.

म्हणजे उपदेश करून उपयोग नाही. शेवटच्या नंबरवरच्या माणसाला या आठवड्यात जिंकण्यासारखं काहीतरी हवं. त्यासाठी गेममध्ये तीन सोयी आहेत.

पहिली सगळ्यात सोपी. क्लासिक लीगचं टेबल महिन्यानुसारही बघता येतं. टेबलच्या वर एक मेनू असतो, त्यात 'ओव्हरऑल' च्या खाली ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर असे महिने दिसतात. दर महिन्याला सगळे शून्यापासून! आमच्याकडे महिन्याचा विजेता जाहीर होतो आणि तोच खरा मान. भिशीत जसा प्रत्येकाचा नंबर कधीतरी लागतो, तसं इथेही होतं. २०२५-२६ मध्ये एकूण टेबलमध्ये बाराव्या नंबरवर असलेल्या काकांनी नोव्हेंबर जिंकला, आणि डिसेंबरभर ग्रुपवर त्यांच्याइतकं फुटबॉल कुणी बोललं नसेल.

दुसरी सोय 'हेड टू हेड' लीग. इथे दर आठवड्याला तुमची गाठ लीगमधल्या एकाशीच पडते. त्याच्यापेक्षा एक गुण जास्त असला तरी तुम्ही जिंकलात, ३ पॉइंट. बरोबरी झाली तर १. तुमचे ४१ आणि त्याचे ४० असले तरी विजय पूर्ण. हरताना ५० च्या फरकाने हरलात तरी नुकसान एका सामन्याचंच. त्यामुळे टेबल फार ताणलं जात नाही. शिवाय 'या आठवड्यात तू विरुद्ध तुझा जावई' असं समोरासमोर दिसलं की माणूस टीम लावतोच. खेळाडू विषम संख्येत असतील तर गेम 'ॲव्हरेज' नावाची एक काल्पनिक टीम घालून जोड्या पूर्ण करतो. एकच अट आहे: ही लीग सुरू व्हायच्या आधी सगळ्यांना आत घ्या, सामन्यांचं वेळापत्रक ठरल्यावर उशिरा येणाऱ्याला जागा नसते. टीम मात्र तीच चालते. एकच टीम क्लासिक आणि हेड टू हेड अशा दोन्ही लीगमध्ये असू शकते, वेगळं काही करावं लागत नाही.

तिसरी सोय मला सगळ्यात आवडते आणि ती फार कुणाला माहीत नाही. क्लासिक लीग बनवताना 'गुण कुठल्या गेमवीकपासून मोजायचे' हे ठरवता येतं. जानेवारीच्या सुरुवातीला, विसाव्या गेमवीकपासून गुण मोजणारी दुसरी लीग काढा. नाव काय हवं ते ठेवा, आमची 'संक्रांत कप' आहे. सगळे पुन्हा शून्यावर.

आता चिपचं आठवा. १९ व्या गेमवीकनंतर प्रत्येकाला नवा संच मिळतो. ज्याने आधीच्या सगळ्या उधळल्या त्यालाही आणि ज्याने एकही वापरली नाही त्यालाही, सारखाच. म्हणजे विसाव्या गेमवीकला सगळ्यांच्या हातात एक नवीन वाइल्डकार्ड असतं. कुलूपबंद टीमवाल्याने तो दाबला की जखमी, बेंचवर बसलेले, क्लब सोडून गेलेले सगळे बाहेर आणि ताजे पंधरा आत, एकही गुण न कापता. बरं, वाइल्डकार्ड राखून ठेवायचा असेल तरी त्याच्याकडे पाच फुकट बदल जमलेले असतात, कारण तो इतके आठवडे फिरकलाच नव्हता! न खेळण्याचा हा एकमेव फायदा. म्हणून डिसेंबरच्या शेवटी अशा माणसाला ग्रुपवर चिडवण्यापेक्षा वेगळा मेसेज करा: तुझ्याकडे पाच बदल आणि चारही चिप पडून आहेत, शनिवारपासून सगळे शून्यावर, येतोस का? गेल्या हंगामात आमची पाच कुलपं होती, त्यातली तीन उघडली.

दहावी-बारावीवाल्यांचा विषय वेगळा. फेब्रुवारी-मार्चमध्ये त्यांना खेळ म्हणून छळू नये. त्यांनी जानेवारीत टीम नीट लावावी, बेंचचा क्रम बघावा आणि फोन बाजूला ठेवावा. अकरातला कुणी खेळला नाही तर बेंचवरचा आपोआप आत येतो. परीक्षा संपेपर्यंत पाच बदल साठलेले असतील. एप्रिलमध्ये ते वापरता येतात, आणि शेवटचे आठवडे तसेही सगळ्यात थरारक असतात.

पैसे लावायचे का?

हा विषय प्रत्येक ग्रुपमध्ये निघतो. "प्रत्येकी पाचशे काढू, विजेत्याला सगळे." माझं उत्तर सरळ नाही असं आहे.

थोडा इतिहास सांगतो. फँटसीचा खेळ मुळात मित्रांच्या टेबलावर जन्मला. १९६२ मध्ये अमेरिकेत ओकलंडच्या बिल विंकेनबाख आणि त्यांच्या सोबत्यांनी त्यांच्या फुटबॉलसाठी असा खेळ रचला. तो आपला फुटबॉल नव्हे, हाताने खेळतात तो. १९८० मध्ये न्यूयॉर्कमध्ये डॅनियल ऑक्रेंट आणि मित्रांनी बेसबॉलसाठी नियम बसवले. आकडे वर्तमानपत्रातून काढायचे आणि बेरीज हाताने करायची. ब्रिटनमध्ये १९९१ च्या सुमारास अँड्र्यू वाइनस्टीन यांनी तो फुटबॉलमध्ये आणला. आपल्याकडे २००८ मध्ये मुंबईत हर्ष जैन आणि भावित शेठ यांनी ड्रीम११ सुरू केली. जैन स्वतः इंग्लिश फुटबॉलचं फँटसी खेळणारे. पण इथे त्याला प्रवेश फी आणि रोख बक्षीस जोडलं गेलं, आणि तो खेळ घरच्या टेबलावरून उठून थेट पाकिटात गेला. २०२० ची आयपीएल ड्रीम११ च्या नावाने झाली, २०२३ मध्ये भारतीय संघाच्या जर्सीवर तेच नाव आलं. ४९ रुपयांत कोटी मिळवायची जाहिरात बघितली नाही असा पोरगा त्या काळात शोधून सापडला नसता.

मग २०२५ चा ऑगस्ट. १५ तारखेला नवा प्रीमियर लीग हंगाम सुरू झाला, आणि त्याच आठवड्यात दिल्लीत ऑनलाइन गेमिंगचा कायदा मंजूर झाला: २० ला लोकसभा, २१ ला राज्यसभा, २२ ला राष्ट्रपतींची सही. पैसे लावून खेळायचा ऑनलाइन खेळ, मग तो कौशल्याचा असो की नशिबाचा, बंद. असा खेळ चालवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ कोटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. जाहिरात करणाऱ्याला २ वर्षांपर्यंत आणि ५० लाखांपर्यंत. नुसत्या खेळणाऱ्याला शिक्षेची तरतूद नाही. ड्रीम११ ने लगेच पैशांच्या स्पर्धा थांबवल्या. पैसे न लावता खेळले जाणारे सोशल गेम आणि ई-स्पोर्ट्स यांना कायद्यात जागा आहे. एफपीएलला प्रवेश फीच नाही, त्यामुळे तो निवांत खेळा.

पण मग आपण घरच्या घरी यूपीआयवर पाचशे गोळा करायचे, म्हणजे कायद्याने पुढच्या दाराने बाहेर काढलं ते मागच्या दाराने आत घ्यायचं. कशाला? आणि कायदा बाजूला ठेवला तरी दुसरं कारण मला जास्त मोठं वाटतं. पैसे लागले की लीग जिंकणाऱ्यांची होते. शिकणारी मावशी, आठवीतला भाचा, दोन सामने बघणारे शेजारी यांच्यासाठी ती वर्गणी होते, आणि वर्गणी दिलेला माणूस डिसेंबरमध्ये म्हणतो, "माझे पैसे तर गेलेच, आता कशाला बघू?" म्हणजे कुलूप आणखी घट्ट. ज्याच्याकडे पैसे जमा आहेत त्याच्यावर मेपर्यंत सगळ्यांची नजर, ते वेगळंच.

नाशिकमध्ये बक्षिसाची चिंता करायची गरज नाही, मिसळ आहे. महिन्याच्या विजेत्याने रविवारची जागा ठरवायची, बाकीच्यांनी निमूट जायचं, बिल ज्याचं त्याने द्यायचं. महिन्यात शेवटचा आलेल्याने सगळ्यांसाठी पार्किंग शोधायचं. गंगापूर रोडला रविवारी सकाळी ही शिक्षा किती कडक आहे ते नाशिककरांना सांगायला नको. हंगामाच्या विजेत्याला फिरता चषक. आमचा म्हणजे आजीच्या माळ्यावरचा जुना पितळी तांब्या आहे, त्यावर दोऱ्याने विजेत्यांच्या नावांच्या चिठ्ठ्या बांधल्यात. पुण्याला नोकरीला असलेल्या भावाने तो जिंकला तेव्हा बसमध्ये मांडीवर घेऊन गेला.

फसवणुकीपासून सावध

पैशांची ॲप बंद झाल्यावर त्यांची जागा घ्यायला दुसरे आले आहेत. टेलिग्रामवर "१०० टक्के विनिंग टीम" विकणारे, एपीके फाइल पाठवणारे, "प्रीमियम लीगमध्ये नाव नोंदवा" म्हणून क्यूआर कोड देणारे. ओळखायची खूण सोपी आहे. एफपीएल तुमच्याकडे यूपीआय, आधार, पॅन किंवा बँकेचा ओटीपी कधीच मागत नाही. कुणी मागितला की तो एफपीएल नाही. ॲप फक्त प्ले स्टोअर किंवा ॲप स्टोअरवरून घ्या, ग्रुपवर आलेल्या फाइलमधून नाही. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० या हेल्पलाइनला फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम अडवली जायची शक्यता जास्त.

शेवटी बरोबरी झाली तर?

हे ऑगस्टमध्येच ग्रुपवर लिहून पिन करून ठेवा, मे महिन्यात भांडत बसू नका. क्लासिक लीगमध्ये दोघांचे गुण सारखे झाले, तर ज्याने हंगामात कमी बदल केले तो वर. वाइल्डकार्ड आणि फ्री हिटमधले बदल यात धरत नाहीत. म्हणजे दर शुक्रवारी हात शिवशिवतात म्हणून एक खेळाडू बदलणाऱ्याला हे महागात पडू शकतं, आणि कमी हालचाल करणारी आत्या तांब्या घेऊन जाऊ शकते. चषकाला दोन मालक नकोत म्हणून आम्ही हाच नियम ठेवलाय. महिन्याच्या विजेत्यात बरोबरी झाली तर मात्र दोघांनी मिळून मिसळीची जागा ठरवायची.

नवीन हंगाम उघडला की जुनी लीग पुन्हा चालू करायचा पर्याय सेक्रेटरीला दिसतो, नव्याने कोड वाटायची गरज नसते. फक्त प्रत्येकाने नवीन टीम बनवायला हवी. त्या आठवड्यात एकदा घरी जाऊन आत्याच्या फोनवर पासवर्ड बघून घ्या. तो तिने कॅलेंडरच्या मागे लिहिलेला असतो, आणि जानेवारीत कॅलेंडर बदललेलं असतं.